सातव्या दालनातली खुर्ची

सातव्या दालनाच्या मावशींना कुणी विचारलं असतं, तुम्हाला काय हवंय, तर त्यांनी लांबलचक यादी दिली नसती. बसायला जागा, एवढंच म्हणाल्या असत्या. कलासंग्रहालयात चित्रांवर नजर ठेवायच्या नोकरीला त्यांची एकतीस वर्षं झाली होती. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि दोन्ही गुडघ्यांनी आधीच राजीनामा दिला होता.

तशी त्यांना खुर्ची होती. एक हौशी व्यापारी वारला, तेव्हा त्याच्या मुलांनी घरातली तीनशे चित्रं संग्रहालयाला देऊन टाकली. दान म्हणा, अडगळ काढली म्हणा. पण त्या चित्रांपायी चार दालनांचं संग्रहालय सात दालनांचं झालं आणि सातव्यासाठी मावशींची नेमणूक झाली. चित्रं ज्या लाकडी खोक्यांतून आली, त्यांच्या फळ्या मागच्या अंगणात पडून होत्या. संग्रहालयाचे सुतार म्हणजे मावशींचे यजमान. मावशींना तेव्हा सहावा महिना होता. बायको दिवसभर उभी असते हे बघून सुतारांनी दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्टीत त्या फळ्यांची खुर्ची ठोकून दिली. फळी कमी पडली, तेव्हा मागचा डावा पाय नखभर आखूडच राहिला. मावशी त्याखाली प्रवेशाच्या तिकिटाची चौपदरी घडी सरकवत. घडी झिजली की दुसरी.

पुढे संग्रहालय फुगतच गेलं. कुणी आजोबांचा अर्धपुतळा आणून देई, कुणी बंद पडलेल्या कारखान्यातली चिनीमातीची भांडी. नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती, त्यामुळे तळघर भरलं, जिन्याखालची जागा भरली, शेवटी साहेबांच्या खोलीतही एक दगडी घोडा येऊन उभा राहिला. मग नवे संचालक आले आणि म्हणाले, आता कात टाकायची.

कात टाकायची तर आधी काय काय आहे ते मोजायला हवं. कंत्राटदाराची माणसं आली आणि दिसेल त्याला नंबराचं स्टिकर चिकटवत सुटली. मावशी दहा मिनिटं डबा खायला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर खुर्चीच्या पाठीवर सात-एकशे बारा. त्या हसल्या, कारण तेव्हा हसण्यासारखंच होतं.

अकरा महिने फरशा उखडत होत्या, भिंती पडत होत्या. मावशींनी तेवढा काळ गोदामात धूळ खात काढला. दारं उघडली तेव्हा मावशींचे ते चौदा महिने उरले होते, आणि जुनं नाव जाऊन नवं आलं होतं. जुनं एका दमात म्हणता येत नसे. नवं तीन अक्षरी, 'आकार'.

"कुठला आकार?" कधीच निवृत्त झालेल्या सुतारांनी घरी विचारलं. "स्थिर की वहन? विजेच्या बिलावर दोन्ही असतात."

राखणदार आता राखणदार राहिले नव्हते, कला-सोबती झाले होते. राखाडी शर्ट मिळाले आणि खुर्च्या गेल्या. सोबती उभा असला की पाहुण्याला आपुलकी वाटते, असं संचालकांनी समजावून सांगितलं. सातव्या दालनात मात्र एक खुर्ची होती. पांढऱ्या चौथऱ्यावर, भोवती दोरी लावून. शेजारच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'खुर्ची. खोक्याच्या फळ्या, खिळे. कारागीर अज्ञात. मागील पायातील जाणीवपूर्वक असमतोल स्थैर्याविषयी प्रश्न उभा करतो.'

मावशींनी ते कागदावर उतरवून घरी वाचून दाखवलं.

"जाणीवपूर्वक कसलं? फळी संपली होती," सुतार म्हणाले. मग कूस बदलून पडून राहिले. 'अज्ञात' त्यांना लागलं होतं. मावशींना ते कळलं, पण दिवसभर उभं राहून आलेल्या माणसात दुसऱ्याची समजूत घालायचं त्राण कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी त्या संग्रहाचं काम बघणाऱ्या मॅडमकडे गेल्या. मॅडम भल्या बाई. आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, संग्रहाच्या पुस्तकात छापून झालंय हो. आता बाहेर काढायची तर समितीचा ठराव लागेल."

"आणि आत घेताना?"

"आत यायला स्टिकर पुरतं," मॅडम हळूच म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच अर्ज लिहून दिला.

समिती दर चार महिन्यांनी भरायची. पहिल्या बैठकीला माणसं कमी पडली. दुसरी कॉफीच्या कपांवर 'आकार' कुठे छापायचं यात संपली. तिसरीने तज्ज्ञांचं मत मागवलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, इथे तर वर्ष उलटून गेलं.

तोवर मावशी उभ्या होत्या. अख्ख्या इमारतीत खुर्ची अशी एकच, त्यामुळे दमलेलं माणूस बरोबर तिच्याकडे यायचं. बसू नका, म्हणून मावशी सांगायच्या. कधी काठी टेकणारे आजोबा असत, कधी कडेवर मूल घेतलेली बाई. आपल्याच खुर्चीवरून दुसऱ्याला उठवायचं, याची त्यांना शरम वाटायची. घरी आल्यावर त्या गरम पाण्यात पाय सोडून बसत. मुलगी म्हणे, "आई, सोड आता ती नोकरी."

"एकतीस वर्षं बसून काढली गं. थोडीशी उभ्याने काढते," मावशी म्हणत. त्यात बाणेदारपणा वगैरे काही नव्हता. सोडायचं म्हटलं तरी अर्ज, सह्या, हेलपाटे आलेच, आणि तेवढा उत्साह त्यांच्यात उरला नव्हता.

शेवटच्या दिवशी त्यांना गुच्छ मिळाला, 'आकार' लिहिलेला कप मिळाला, आणि दुपारी समितीचं पत्र. वस्तू दुर्मिळ असल्यामुळे नोंदीतून वगळता येत नाही. मॅडमचे डोळे भरून आले. मावशींनी पत्राची घडी करून पर्समध्ये ठेवली.

पाच वाजता, संग्रहालय बंद व्हायला अर्धा तास असताना, सुतार त्यांना न्यायला आले. नव्या इमारतीत ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. सातव्या दालनात तेव्हा कुणी नव्हतं. त्यांनी पुठ्ठा सावकाश वाचला, वाकून खुर्चीचे सांधे पाहिले.

"बस," ते म्हणाले.

"अहो, नको. मनाई आहे."

"मग उठव की. उठवायचं काम तुझंच ना?"

मावशी दोरी ओलांडून बसल्या. खुर्ची मागे डावीकडे कलली. साफसफाई करताना कुणीतरी पायाखालची घडी काढून टाकली होती. सुतारांनी खिसे चाचपले, काही सापडलं नाही. मग त्यांनी शेजारचा पुठ्ठा काढला, 'कारागीर अज्ञात' आतल्या बाजूला घेऊन त्याची चौपदरी घडी घातली, आणि खाली बसून ती आखूड पायाखाली सरकवली.

"आता?"

मावशींनी पाठ टेकली. "आता नाही हलत," त्या म्हणाल्या. "साडेपाचपर्यंत मीही हलणार नाही."