‘या’ म्हणणारी बाई

सौंसरच्या बस स्टँडवर ती गोरी बाई नागपूरच्या गाडीची वाट पाहत माझ्या शेजारी बसली होती. स्पेनची आहे, असं त्याच गाडीचा कंडक्टर म्हणाला. मी दिलेलं संत्रं ती एकेक फोड हुंगून खात होती आणि बिया रुमालात बांधत होती. गाडी लागली तशी ती उठली आणि मान लववून म्हणाली, “या मे वॉय.”

इतक्या आदरानं मला कुणी ‘या’ म्हटलं नव्हतं. मला पांढुर्ण्याला भाचीच्या बारशाला जायचं होतं, तिकडची गाडीही शेवटची होती. तरी नाही म्हणवेना. पिशवी घेऊन मी तिच्यामागं चढले.

“अवो बाई, तुम्ही कुठं जाऊन राहिल्या?” कंडक्टरनं विचारलं.

“यायनं ‘या’ म्हटलं,” मी तिच्याकडं बोट दाखवलं.

त्यानं तिला इंग्रजीत विचारलं आणि हसत सुटला. “तिच्या बोलीत त्याचा मतलब, मी चालली.”

मी लाजून हात जोडले आणि म्हटलं, “येते.”

कंडक्टरनं तेही शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. ती लगेच खिडकीकडं सरकली आणि शेजारची जागा थोपटू लागली. पांढुर्ण्याची गाडी भोंगा देत होती, तरी मी क्षणभर तिच्याजवळ टेकले.