मेल्या, आधी जेव

माझ्या थोरल्या बहिणीने गेल्या माघापर्यंत कुणालाही "या, बसा" म्हटलेलं मला आठवत नाही. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सोसायटीच्या तळमजल्यावर तिची खानावळ आहे. सहा टेबलं, कोपऱ्यात हात धुवायचा नळ, भिंतीवर आजच्या माशाचा फळा. माणसाने दारात पाऊल टाकलं की आतून तव्याच्या आवाजावर चढवलेला तिचा आवाज यायचा, "मेल्या, हात धुवलेस काय?" कुणी दुसऱ्यांदा भात घेतला नाही तर, "मेल्या, चिमणीचं पोट लावून आलास?" खलाशी, ट्रकवाले, कॉलेजातली पोरं, मीटर बघायला येणारा माणूस, सगळे मेले. एकदा तर हवालदारही. बायका असल्या की "मेले". मला तर तिच्याकडे दुसरं नावच नव्हतं.

मी हायस्कुलात मराठी शिकवत होते, निवृत्त झाले. पोरांच्या तोंडून असला शब्द आला की मी त्यांना वर्गाबाहेर उभं करायची. शाळेतल्या बायकांना घेऊन मी बहिणीकडे कधी जेवायला गेले नाही. तिच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याला तोड नव्हती, पण तिच्या तोंडाची मला लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी लोकांवर चिडणार आहे आणि त्यात माझा वाटा सगळ्यात मोठा आहे.

ती आधी अशी नव्हती. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला "अहो" म्हणणारी, हळू बोलणारी मुलगी होती. नवरा मच्छीमार बोटीवर होता. एका सकाळी तिने त्याला "सांभाळून जा हं" म्हणून डबा दिला आणि तो परत आला नाही. पुढे खानावळ काढली, तिथे बोटीवर जाणारीच माणसं जेवायला यायची. त्यांना ती मेल्या म्हणायला लागली. मी एकदा रागावले तेव्हा म्हणाली, "ज्याला आधीच मेला म्हटलं, त्याच्याकडं मरान परत कशाला येईल गो? नीट बोलून बघितलंय मी एकदा." त्यानंतर मी तिला त्यावरून कधी टोकलं नाही. लाज मात्र वाटतच राहिली.

खलाशांना हे ठाऊक होतं. आमच्याकडे शिवीने आयुष्य वाढतं असं सगळेच म्हणतात, पण ही माणसं ते मनापासून मानत. बोट सोडायच्या आधी जेवून, शिवी खाऊन जायचं, हा त्यांचा नेम. पलीकडच्या मोहल्ल्यातला एक म्हातारा नाखवा तर रोजे असले तरी दारापर्यंत यायचा. जेवायचा नाही. दारात उभा राहायचा, बहीण आतून "मेल्या, उन्हात काय उभा?" म्हणायची, की निघायचा.

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत लागलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने गेल्या दिवाळीत तिला पाटी करून आणली. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत: "मेल्या, आधी जेव". बहिणीला वाचून इतकं हसू आलं की तिने पदर तोंडात कोंबला. पाटी दारावर लागली. येणारे-जाणारे थांबून फोटो काढायला लागले, आणि सोसायटीच्या समितीला अचानक संस्कृती आठवली.

समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी, इस्त्रीच्या शर्टातले. दोन सभासदांना घेऊन ते माझ्या घरी आले. बहिणीकडे नाही, माझ्याकडे. "बाई, तुम्ही सुशिक्षित आहात," म्हणाले. "मुलं, बायका जातात त्या रस्त्याने. धंद्याच्या पाटीवर शिवी शोभते का? गाळ्याचा करार संपतोय. पाटी उतरवा आणि यापुढे अशी भाषा वापरणार नाही असं लेखी द्या, नाहीतर आम्हाला नूतनीकरण करता येणार नाही."

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं. शर्टावर शिव्या छापून विकणारी, हॉटेलला मुद्दाम अचकटविचकट नाव देणारी शहरातली मंडळी मला आजही आवडत नाहीत. ज्यांच्या तोंडात तो शब्द कधी मायेने आला नाही ते तो विकतात. पण माझ्या बहिणीची पाटी आणि त्यांची पाटी यातला फरक मला कळायला हवा होता. दुसऱ्या कुणाला नाही, तरी मला. मी ते पत्र लिहिलं. किती सुंदर लिहिलं म्हणून सांगू! "माझ्या वाणीतून अनवधानानेही अपशब्द उच्चारला जाणार नाही, याची मी नम्रपणे ग्वाही देते." बहिणीला वाचून दाखवलं. ती मासा साफ करत होती. म्हणाली, "ह्यात मी कुठं हाय?" मी म्हटलं, "गाळा हवाय ना? सही कर." तिने हात पुसले आणि सही केली. कागदाला बांगड्याचा वास राहिला, तेवढाच काय तो तिचा.

पाटी तिने स्वतःच उतरवली आणि उलटी करून पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती "या, बसा, काय घेणार?" म्हणायला लागली. मला वाटलं, चार दिवस रागाने करील. पण माझी बहीण शब्दाला पक्की निघाली. आपण सगळे शब्दाला पक्के नसतो हे मला शिमग्यात कळलं.

शिमग्याला होमाभोवती फाका घालतात. म्हणजे शिव्यांच्या आरोळ्या. वर्षातून एकदा, देवासमोर, सगळ्यांना मुभा. मी माझ्या घराच्या गच्चीतून बघत होते. अध्यक्ष होमाजवळ उभे होते, कपाळाला गुलाल, आणि तोंडावर हात आपटत आयाबहिणींचा जो उद्धार करत होते तो मी इथे लिहू शकत नाही. बाकीचे दोन सभासद त्यांना साथ देत होते. बायका, मुलं, सगळी कडेला उभी राहून ऐकत होती. त्याच रस्त्याने जाणारी तीच मुलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष बहिणीकडे सुरमई खायला आले. मी तिथेच होते. बहीण म्हणाली, "या. बसा आपण." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, नळाकडे न जाता बसले आणि हसून म्हणाले, "काय गो, आज हात धुवायला नाय सांगत?"

माझं डोकं असं फिरलं! मी म्हटलं, "काल होमापाशी जे ओरडत होतात, ते तुमच्या नातवाने शाळेत म्हटलं तर चालेल?"

"बाई, ती परंपरा आहे," ते म्हणाले.

"आणि हिचं बोलणं, ते काय आहे?"

"हा धंदा आहे. परंपरा वेगळी, धंद्याची पाटी वेगळी."

"पुरुषाने आईवरून ओरडलं की परंपरा, आणि बाईने जेवायला वाढताना मेल्या म्हटलं की घाण! लाज नाही वाटत हिच्या हातचं खायला?"

ते उठले नाहीत. सुरमई आली होती. बहिणीने त्यांना लिंबाची फोड नेऊन दिली आणि मला म्हणाली, "गिऱ्हाईक आहे." त्यांच्यापेक्षा मला तिचाच राग आला, आणि तिच्यापेक्षा माझा.

खलाशी कमी झाले होते. जे यायचे ते मुकाट जेवून जायचे. नाखवा मात्र अजून दारात येतो. गेल्या आठवड्यात तो बराच वेळ उभा राहिला. शेवटी म्हणाला, "बाय, एकदा बोल. माझी माणसं बोटीवर चढत नायत." बहीण पदराने कपाळ पुसत म्हणाली, "सही केलीय मी. आपण या." तो गेला. त्याची बोट कशीबशी निघाली आणि दोन दिवसांनी सुखरूप परत आली, पण ते दोन दिवस बहिणीने स्वतः भाताचा घास घेतला नाही. मला हे तिच्या मदतनीस बाईने सांगितलं.

मी तशीच समितीच्या ऑफिसात गेले. म्हटलं, ते पत्र मी लिहिलंय, मला परत द्या, गाळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. तिथल्या कारकुनाने फाइल काढली. "आवक नोंद झालीय, बाई. परत देता येत नाही. हवी तर झेरॉक्स घ्या." माझ्या वळणदार अक्षरावर त्यांचा जांभळा शिक्का बसला होता. मी झेरॉक्स घेतली, बहिणीसमोर फाडली आणि तिला सांगितलं, "जाऊ दे तो गाळा. दुसरीकडे बघू. माझ्या घराच्या पडवीत कर खानावळ. पण तू बोल." तिने फाडलेले तुकडे गोळा करून चुलीत टाकले आणि कामाला लागली.

मग मी मुद्दाम एक केलं. बाजारातून आले होते, हाताला माती होती, कोथिंबिरीची. नळावर न जाता तशीच टेबलाशी बसले आणि हात टेबलावर, तिला दिसतील असे ठेवले. ती ताट घेऊन आली. माझ्या हातांकडे तिने पाहिलं. चांगलं दोन क्षण पाहिलं. मग ताट माझ्यापुढे ठेवलं, भाताची मूद हाताने जरा सारखी केली.

"घ्या बाई," माझी सख्खी बहीण मला म्हणाली, "जेवा."