दादाचा डोळा आणि माझं डोकं

मंडळी, खोटं कशाला बोलू, आज दवाखान्यात मला सख्ख्या भावाचा लई हेवा वाटला.

आम्हा दोघांनाही कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा आजार निघालाय. माझं डोकं चार महिने ठणकत होतं, भाकरी चावताना जबडा दुखायचा. घरचे म्हणायचे, "उपास सोड, थांबेल." फुलंब्रीच्या दादाला मात्र एका डोळ्यानं दिसेना झालं, तर अख्खं घर त्याच दिवशी गाडीत बसलं.

मी कुरकुरले तशा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, पुरुषांचं कधीकधी डोकं फारसं दुखतच नाही, थेट नजरेवर येतं. त्यांचा तो डोळा आता परत यायचा नाही."

दादा म्हणाला, "घे, जळ अजून!"

जळतेच रे दादा. तुझ्यासाठी घर धावलं, मला उपास सोडायला सांगितलं.

तुमच्या घरी आज कोण डोकं धरून बसलंय?