पडद्यावरची चार, पेटीवरची पाच

हॉस्पिटलात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की शून्यबाई. हे नाव तिला हट्टापायी मिळालं होतं, आणि त्या हट्टात तिचं काडीचंही चुकत नव्हतं.

तळमजल्यावर एक्स-रे विभागाच्या मागे एक गार खोली होती. तिथल्या लोखंडी कपाटात एक पेटी आणि पेटीत आठ डिस्क. हॉस्पिटलात निघालेला प्रत्येक स्कॅन त्या आठांत वाटून ठेवलेला असे. एक मेली तरी उरलेल्या सात तिचं ओझं ओढत. दोन गेल्या की सगळंच संपलं. कोणती डिस्क मेली ते दाखवणारे पेटीचे दिवे केव्हाच विझले होते. त्यामुळे आत काय चाललंय ते कळायला एकच वाट उरली होती: रोज सकाळी साडेसातला खुर्चीत बसायचं, काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड टाइप करायची आणि उत्तराची वाट बघायची. मग एकाखाली एक आठ ओळी येत. ऑप्टिमल, ऑप्टिमल, ऑप्टिमल. ऑप्टिमल म्हणजे सगळं नीट. आठही ओळी तशा आल्या की ती चहाला जाई. सतरा वर्षं तिने हे डोळ्यांत तेल घालून केलं. सतरा वर्षांत एकानेही विचारलं नाही की बाई, तुम्ही सकाळी सकाळी तिथे करता तरी काय.

आता भानगड अशी, की मशीन शून्यापासून मोजतं. पडद्यावर डिस्क शून्य ते सात. म्हणून तिने पेटीवरही स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, शून्य ते सात. एकदा तपासणीला बाहेरचे लोक यायचे होते, तेव्हा प्रशासनाच्या साहेबांची नजर त्या चिठ्ठ्यांवर पडली.

"हे शून्य काय आहे? बेड नंबर शून्य ऐकलाय का कधी कोणी?"

"साहेब, मशीन तसं मोजतं."

"मशीनला मोजू दे. माणसं एकपासून मोजतात."

दुसऱ्याच दिवशी छापील, चकचकीत स्टिकर लागले, एक ते आठ. तिने अर्ज केला. त्या अर्जाचं काय झालं ते विचारू नका. तेव्हापासून गार खोलीत शिरणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती दारातच अडवायची. "पडद्यावरची चार म्हणजे पेटीवरची पाच. म्हणून दाखवा." म्हटल्याशिवाय आत सोडायची नाही. लोक हसायचे, पण म्हणायचे.

दुसऱ्या प्रतीचंही तेच रडगाणं. सगळ्या स्कॅनची एक प्रत वेगळ्या मशीनवर जात असे, ते मशीन तीन वर्षांपूर्वी काठोकाठ भरलं आणि नव्या स्कॅनची प्रत निघेनाशी झाली. तिने पाच पत्रं लिहिली. साहेबांचा प्रश्न ठरलेला, "चालतंय ना?" चालत होतं. "मग झालं तर!"

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या फुप्फुसात गाठ दिसली. वाटाण्याएवढी. डॉक्टर म्हणाले, घाई नको. दर सहा महिन्यांनी स्कॅन काढू, मागच्याशी ताडून पाहू, वाढली नाही तर बसू दे तिला तिथेच. चार स्कॅन झाले, चारही सारखे. नवरा भूमिती शिकवणारा मास्तर, त्याला प्रत्येक गोष्ट हातात हवी.

"अगं, त्या फोटोंची एक सीडी घरी आणून ठेव ना."

"अहो, घरी कशाला? माझ्या पेटीत आहेत. त्याहून सुरक्षित जागा दाखवा मला," ती म्हणाली होती. आणि हे म्हणताना तिला फार बरं वाटलं होतं.

मग साहेबांनी गार खोलीचं काम एका कंपनीला दिलं आणि तिला बाहेर टोकन खिडकीवर बसवलं. नोटीस दोन ओळींची. निरोपाचा शब्द नाही, खोलीची किल्ली तेवढी शिपायाने मागून नेली. तिचा पासवर्ड मात्र काढायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, इतकी ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. खिडकीच्या कॉम्प्युटरवरून ती रोज साडेसातला तीच कमांड द्यायची. सवय म्हणा, कोडगेपणा म्हणा.

महिन्याभराने एका सकाळी आठांतल्या एका ओळीवर ऑप्टिमल नव्हतं. डिस्क चार, फेल्ड.

दहा वाजता कंपनीचा माणूस नवी डिस्क हातात घेऊन खिडकीसमोरून निघाला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, चाळिशीचा, घाईत.

"चार नंबरची गेलीय," ती म्हणाली.

"आम्हाला आलाय मेसेज, मॅडम. तुम्ही आता कशाला त्रास करून घेता? तुमचं टोकनचं बघा."

रांगेतलं कोणीतरी हसलं. पडद्यावरची चार म्हणजे पेटीवरची पाच, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. सतरा वर्षांत ते कधी तिथे अडलं नव्हतं. तिने ते गिळलं. बघू दे की, किती येतं ते. शहाणा असेल तर डिस्क ओढण्याआधी नंबर पडताळेल, पाच मिनिटांत तोंड पाडून परत येईल, आणि मग ती सगळ्या रांगेदेखत त्याला म्हणून दाखवायला लावेल. ह्या विचाराने तिला गोड वाटलं. तिने पुढचं टोकन दिलं.

तो परत आला नाही. त्याने स्टिकरवरची चार ओढली, म्हणजे धडधाकट डिस्क, आणि तिच्या जागी नवी कोरी बसवली. चार ओढली आणि पाचावर धारण बसली. एक मेलेली, एक ओढलेली, दोन गेल्या; पेटी बंद पडली. पडद्यावर मशीनने विचारलं, पहिल्यापासून सुरू करू का? घाबरलेल्या माणसाने हो दाबलं. आठही डिस्क पुसून कोऱ्या झाल्या.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला, तांत्रिक बिघाड. साहेबांनी तिलाही बोलावलं होतं.

"तुम्हाला ह्यातलं काही माहीत होतं?"

"मी टोकन देते, साहेब."

पुढच्या आठवड्यात नवऱ्याचा पाचवा स्कॅन झाला. डॉक्टर बराच वेळ एकच फोटो बघत राहिले. गाठ नऊ मिलिमीटर. आधी किती होती? जुन्या कागदावर "लहान गाठ, बदल नाही" एवढंच होतं; मापं सगळी पेटीत.

"वाढलीय की तेवढीच आहे, मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "आजचा स्कॅन शून्य धरून सहा महिने थांबायचं, नाहीतर छाती उघडून काढून टाकायची. ह्या वयात दोन्हीत धोका आहे."

मास्तर म्हणाले, "मागचा बिंदूच नसेल तर रेघ कशी काढणार? उघडा."

फॉर्म भरायला दोघं बाहेरच्या बाकावर बसली. तिने नावाच्या जागी तारीख लिहिली, मग खोडली. त्याला वाटलं, ती त्याच्यासाठी घाबरलीय.

"तू खिडकीवर होतीस, तू काय करणार?" तो तिची समजूत घालत म्हणाला. "आत असतीस तर त्याला दारातच अडवलं असतंस. पडद्यावरची चार म्हणजे पेटीवरची पाच. बघ, मलासुद्धा पाठ आहे."

फॉर्मच्या तळाशी जवळच्या नातेवाइकाच्या सहीची जागा होती. तिने तिथे सही केली.