जावई आणि स्टेपनी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जावयाला त्याची चूक तोंडावर सांगत नाहीत. रीत चांगली आहे. फक्त जावई गाडीचं चाक बदलत असेल, तर तेवढ्यापुरती ती बंद ठेवायला हवी.

माझ्या लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. मी देऊळगाव राजातला कापडदुकानदार, सासुरवाडी मोताळ्याकडची. बीटी कापूस नवा नवा आला होता आणि साऱ्या गावाने तोच लावलेला. त्यामुळे साऱ्या गावाची बोंडं एकदमच फुटली आणि वेचणाऱ्या बाया मिळेनाशा झाल्या! वर आभाळ भरून आलेलं. कापूस भिजला की वर्षाची मेहनत मातीत. मामाजींनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) जैतूनबीच्या वेचणाऱ्या टोळीला मिनतवाऱ्या करून राजी केलं होतं. पण तिने बजावलं होतं, "वावरात येऊन बसतो. तुमी टायमावर नाही आले, तं जो बलावीन त्याच्याकडे जाऊ."

आता पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे सीतादही करतात. घरच्यांनी वावरात जाऊन कापसाची पूजा करायची, दहीभात शिंपडायचा, मगच बोंडाला हात लावायचा. म्हणून आम्ही मामाजींच्या जुन्या गाडीतून निघालो. मी चालवत होतो, शेजारी मामाजी, मागे बायको आणि मामाजींची थोरली बहीण आक्का. आक्कांच्या मांडीवर दहीभाताचं गाडगं. ते वावरात पोचेपर्यंत खाली टेकवायचं नसतं.

वावराकडे जाणाऱ्या पांदणीत अर्ध्यावर बाभळीचा काटा लागला आणि गाडी एका अंगाला बसली.

मामाजी बाह्या सरसावून उतरले. मी त्यांना अडवलं. "तुम्ही बसा मामाजी. मी असताना तुम्ही?"

"तुमाले येते का?" बायकोने हळूच विचारलं.

"त्यात काय यायचं?" मी म्हणालो. (एकदा चहा पिता पिता एकाला चाक बदलताना पाहिलं होतं. चहा चांगला होता, एवढंच आठवत होतं.)

मी जॅक लावून चाक उचललं आणि पाना घेऊन नट फिरवायला गेलो. नट जागचा हलेना. नटासकट चाकच गरगर फिरायला लागलं. मी पुढे जोर लावला, मागे जोर लावला, शेवटी चाकाला मिठी मारली.

मामाजी घसा खाकरून आक्कांना म्हणाले, "आक्का, काही लोकं चाक जमिनीवर असतानीच नट ढिले करून घेतात म्हणे."

"करत असतीन बापा," आक्का म्हणाल्या. "ज्याची त्याची पद्धत."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि थोड्या वेळाने, जणू मलाच सुचलं अशा थाटात, गाडी खाली घेतली. पान्यावर उभं राहून नट ढिले केले. पुन्हा जॅक. या खेपेला गाडी वर जाण्याऐवजी जॅकच काळ्या मातीत खाली जायला लागला.

"काही लोकं जॅकखाली फळी ठेवतात म्हणे," मामाजी समोरच्या बाभळीला म्हणाले. "आन् गाडीत बसेल माणसं खाली उतरवतात."

आक्का उतरल्या आणि गाडगं डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. फळी नव्हती, म्हणून पूजेचा पाट जॅकखाली गेला. मामाजींनी गुपचूप मागच्या चाकाला दगड लावला. हँडब्रेकही त्यांनीच ओढला असावा, कारण मी ओढला नव्हता.

एवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत जैतूनबी आणि तिची सगळी टोळी. दुसऱ्या शिवारातल्या एका वावरवाल्याने आमचा उशीर पाहून बाया पळवल्या होत्या! मामाजींचा चेहरा पडला. पण पांदण अरुंद, मध्ये आमची गाडी. ट्रॅक्टरला जायला वाटच नव्हती.

बाया उतरल्या आणि माझ्याभोवती कोंडाळं करून उभ्या राहिल्या.

"कोन व्हय हे?" जैतूनबीने विचारलं.

"जावई हायेत आमचे," आक्का डोक्यावरच्या गाडग्याखालून म्हणाल्या.

"मंग काऊन मातीत लोळून राह्यले?"

एवढ्या बायांसमोर माझ्या अंगात वीज संचारली. चाक ओढून काढलं, चाक उचललं, बसवलं, नट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले (ही अक्कल मात्र माझी स्वतःची), जॅक सोडला आणि हात झटकत उभा राहिलो. गाडी हळूहळू खाली आली आणि पुन्हा त्याच अंगाला बसली.

मामाजी आभाळाकडे बघत म्हणाले, "काही लोकं पंचर झालेलं काढतात, आन् दुसरं लावतात म्हणे."

मघाशी डिकीतून काढून ठेवलेली चांगली स्टेपनी गवतात जशीच्या तशी पडली होती!

बायांमध्ये असा हशा उसळला की दोघी-तिघी बांधावर बसल्याच. ट्रॅक्टरवाला वैतागला. "चाला वं, मी दुसऱ्या वाटेनं नेतो."

"थांब ना बे," जैतूनबी पदराने डोळे पुसत म्हणाली. "आता कुठी रंगात आलं."

ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला, हाका मारल्या, आणि शेवटी रिकामी ट्रॉली मागे घेत निघून गेला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चाक बसलं तेव्हा बाया हसून हसून इतक्या थकल्या होत्या की दूर कुठे जायची त्यांची तयारीच नव्हती. आमचंच वावर जवळ पडत होतं. आक्कांनी दहीभात शिंपडला, बायांनी कापूस भरायला कमरेला ओटे बांधले आणि पाऊस यायच्या आत कापूस घरात आला. मामाजींना इतकं हायसं वाटलेलं मी पुढे कधी पाहिलं नाही. मलाही बरं वाटलं. चाक मी पहिल्याच खेपेला नीट बदललं असतं, तर त्या बाया गेल्याच असत्या.

पुढच्या वर्षी वेचणीच्या तोंडावर मामाजींचा फोन आला. "जावईबापू, दोन दिवस येऊन जा."

"मला कापूस वेचता येत नाही मामाजी."

"वेचाले कोन म्हनते? जैतूनबी अडून बसली हाये. म्हनते, मजुरी सगळे देतात तेवढीच घेतो, पन जावई दाखवा लागीन. तुमी फक्त या. चाकातली हवा म्या सोडून ठेवली हाये."