रोह्याचा पाट

आमच्या पेणच्या कारखान्यात लेखी असं काही नसायचं. आषाढात लोक आपापल्या घरचा लाकडी पाट घेऊन यायचे, त्यावर सुपारी ठेवून वडिलांच्या हाती द्यायचे, की मूर्ती ठरली. पाट भिंतीवरच्या फळीवर उभे राहायचे आणि भाद्रपदात त्याच पाटावर बसून गणपती घरी जायचा. मूर्तीवर आम्ही कधी आमचं नाव घातलं नाही. जे पाण्यात जायचं त्यावर नाव कशाला, असं वडील म्हणत.

डोळ्यांची आखणी माझ्याकडे होती. हे काम घरात माझ्याइतकं कुणाला जमत नव्हतं आणि ते मला पक्कं माहीत होतं. कॉलेजातली माझी मैत्रीण रोह्याजवळ वरसेला राहायची. तिच्या घरचा पाट दरवर्षी आमच्याकडेच यायचा आणि त्या गणपतीचे डोळे मी सगळ्यात शेवटी, निवांत बसून काढायची.

ती रोह्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि इंटरनेट हा शब्द आमच्याकडे नुकताच पोचला होता. एक दिवस ती म्हणाली, "तुमच्या शाडूच्या छोट्या मूर्तींचे फोटो मी वेबसाइटवर टाकते. परदेशात आपली माणसं हायत, ती मागवतील. मूर्ती तुझ्या, कॉम्प्युटर माझा. जमेल गो?" मी हो म्हटलं. झाली भागीदारी.

आणि खरंच मागण्या आल्या. वडील मात्र कुरकुरत होते. "पाट नाय, सुपारी नाय, मग गणपती कुणाचा समजायचा?" तिने पुठ्ठ्याचे पाटाएवढे तुकडे कापले, एकेका गिऱ्हाइकाचं नाव त्यावर लिहिलं आणि फळीवर ओळीने लावले. वडील खूश. त्या दिवसापासून गल्लीत ज्याला त्याला सांगायला लागले, "पोरगी लय हुशार हाय." मी लहानपणापासून त्यांच्यासमोर डोळे काढत होते. हुशार हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथे.

गणपती झाल्यावर ई-मेलने आलेली गिऱ्हाइकांची पत्रं कागदावर छापून ती रविवारच्या एसटीने घेऊन आली. मातीच्या गोण्यांवर बसून वाचून दाखवू लागली. पत्रं तिच्या नावाने. "ताई, तुमच्या हातात काय जादू आहे! डोळे तर असे, की आम्ही बघतच राहिलो." वडील म्हणाले, "परत वाच." तिने परत वाचलं. मी विचारलं, "मग तू काय लिहिलंस?" ती सहज म्हणाली, "धन्यवाद लिहिलं. आणखी काय लिहायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला सरळ रेघ मारता येत नाही आणि जादू हिच्या हातात! सोमवारी मी वकील गाठला.

वकील आधी हसले. दोन मैत्रिणींचं घरगुती काम, तेही त्या इंटरनेटवर, त्याला करार कशाला? पण मग त्यांनीच विचारलं, वेबसाइट कुणाच्या नावावर आहे? वाटेत मूर्ती फुटली तर जबाबदारी कुणाची? उद्या एकीने काम सोडलं तर? यातलं काहीच आम्ही ठरवलं नव्हतं. तेव्हा करार हवा होता हे मी आजही म्हणेन. ती सगळी कलमं चांगलीच होती. शेवटचं तेवढं मी घालायला लावलं: गिऱ्हाइकांशी सगळा पत्रव्यवहार पेणच्या भागीदाराच्याच नावाने होईल, रोह्याच्या भागीदाराने स्वतःचं नाव कुठेही वापरू नये. वकील म्हणाले, "हे कशाला?" मी म्हटलं, "असू दे."

वडिलांना कळलं तेव्हा ते नुसतं फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिच्या घरचा पाट येतो आपल्याकडं. वर कागद कशाला गो?" त्यांनी तिची बाजू घेतली म्हणून मी आणखीच पेटले.

तिने कारखान्यातच उभ्या उभ्या करार वाचला. मान डोलवत पुढे जात होती. शेवटच्या कलमावर थांबली.

"हे तू सांगितलंस का वकिलानं?"

"वकिलानं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

त्यानंतर करार तिने अक्षरशः पाळला. पत्रं माझ्या नावाने येऊ लागली. छापलेली पत्रं ती पाकिटात घालून मला पोस्टाने पाठवायची, एकही न चुकता. रविवारी यायचं तेवढं बंद झालं. जादू आता माझ्या हातात होती आणि मी ती पत्रं एकटीच वाचायची. वडिलांनी एकदाही वाचून दाखव म्हटलं नाही.

आषाढ आला. पाट येत राहिले. वडिलांनी फळीवर एक जागा मोकळी ठेवली होती. "रोह्याचा पाट आला नाय गो अजून?" ते विचारायचे. मी म्हणायची, "येईल." श्रावण संपला तरी ती जागा मोकळीच होती.

गणपतीत मी न राहवून वरसेला गेले. तिने हसून आत घेतलं, मोदक वाढले, वर तूप घातलं. ओळखीच्या पाटावर दुसऱ्या कुणी घडवलेला गणपती बसला होता. मी हात जोडायच्या आधी डोळे बघितले. खोट शोधली. सापडली नाही. डोळे सुरेख होते, आणि ज्याने कुणी ते काढले होते त्याचा मला हेवा वाटला.

"कुणी केली गो मूर्ती?" मी विचारलं.

तिने माझ्या ताटात आणखी एक मोदक ठेवला. "मूर्तीवर कुठं नाव असतं?" ती म्हणाली.