बेसच्या तारा गप्प करताना

कारखाना चालू होता तोवर माझ्या बेस गिटारचा दोष कुणाला कळला नाही. मलाही नाही. आमच्या सहकारी साखर कारखान्यात कामगारांचा ऑर्केस्ट्रा होता. गाळप सुरू होताना उसाची पहिली मोळी टाकतात, त्या समारंभाला आम्ही वाजवायचो. मागे ट्रॅक्टरांची रांग, बॉयलरचा गोंगाट, पुढे पुढाऱ्यांच्या गाड्यांचे हॉर्न. एवढ्या आवाजात बेसची एखादी तार उगाच घुमत राहिली तर ती खटकायची नाही, उलट भरीव वाटायची. लोक पाठ थोपटायचे आणि मी थोपटून घ्यायचो.

मग ओळीनं दोन वर्षं पाऊस गेला. होता नव्हता तो ऊस चारा छावण्यांना गेला, बॉयलर पेटलाच नाही. मी टाइम ऑफिसात कायम नोकरीला. कामावर कुणी नसताना हजेरी घ्यायला जायचो, अर्धा का होईना पगार व्हायचा. आमचा ढोलकीवाला हंगामी कामगार. हंगामच नाही तर त्याला काम कुठलं? त्याचं गाव शिरूर कासारकडचं. दसरा झाला की तिथली निम्मी घरं ऊस तोडायला बाहेर पडतात. कारखान्यात लागल्यापासून त्याच्या हातचा कोयता सुटला होता. त्या वर्षी नवरा-बायको दोघांनी पुन्हा कर्नाटकात जाणाऱ्या टोळीत नाव घातलं.

त्याची बायको, आमची वहिनी, गाते. टँकरच्या पाण्यावर तिनं स्वतः बांधलेलं एक गाणं होतं. रेडिओच्या लोकगीतांच्या कार्यक्रमासाठी ते आम्ही पाठवलं होतं. फोन आला, आवाज फार चांगला आहे, पण मागे सतत काहीतरी घुमतंय, स्वच्छ करून पाठवा, दिवाळीच्या आत. ते घुमणं माझं होतं. वहिनीच्या टोळीचा ट्रक दिवाळीच्या आधीच निघणार होता. एकदा ती गेली की उन्हाळ्यापर्यंत परत येणार नव्हती.

त्या दिवसापासून मी घरी रियाजाला बसलो. बायको टँकरच्या रांगेत घागरी लावून उभी आणि मी पंख्याखाली तारा छेडत. तिनं कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

बेसला चार जाड तारा. एक वाजवली की शेजारची आपोआप थरथरते. वाजवलेल्या तारेवरून बोट उचललं की तीही शेवटचं कण्हते. तारेवरून बोट घासत सरकलं तर पत्रा खरवडल्यासारखा आवाज येतो. उपाय मला ठाऊक होते. उजव्या हाताचा अंगठा वरच्या जाड तारेवर टेकवून ठेवायचा, वाजवणारी बोटं खालच्या तारेवर गेली की अंगठाही मागोमाग एक तार खाली आणायचा. डाव्या हाताची रिकामी बोटं उरलेल्या तारांवर नुसती आडवी टेकवायची, दाबायची नाहीत. सूर संपला की बोट उचलण्याआधी दाब सोडायचा आणि तारेला क्षणभर चिकटून राहायचं. सांगायला किती सोपं! अंगठ्याकडे लक्ष दिलं की डावा हात विसरायचा. डावा सांभाळला की ताल सुटायचा. दोन्ही जमलं तर मी श्वास धरून बसलेला असायचो.

आमचा कीबोर्डवाला परळीचा. त्यानं जुन्या स्कूटरच्या सीटमधला स्पंज कापून आणला आणि तारांच्या मुळाशी कोंबला.

"आता वाजव."

वाजवलं. भुशाच्या पोत्यावर बुक्की मारल्यासारखं वाजलं.

"घुमणं तर गेलं की!" तो म्हणाला.

"सूर पण गेला ना बे."

"तुला सगळंच पायजे. दुष्काळ हाय, जे भेटंल त्यात भागव."

तो हसला. मला राग आला, त्याचा नाही, माझ्या हातांचा. स्पंज काढून फेकला. पोरीचं केसांचं रबर तारांवरून गिटारच्या मानेपाशी चढवलं. मोकळ्या, बोट न दाबलेल्या तारा गप्प झाल्या, पण गाण्यात मला नेमक्या मोकळ्याच तारा लागत होत्या. तेही काढलं.

माझा हात असा का, हे मला तेव्हाच उमगलं. माझं वाद्याशी नातं जुळलं ते गावच्या सप्ताहात. हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याला माणूस बदलतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण तार वाजती राहिली पाहिजे. माझ्या पहाऱ्याला डुलकी लागून बोट थांबलं तर मंडपातून कुणीतरी खेकसायचं, "वीणा कावून थांबली बे?" तार थांबवणं म्हणजे पाप, हे हाताला इतकं पक्कं शिकवलेलं की चाळिशी उलटली तरी तो तारेला गप्प करायला धजत नव्हता. कळलं, पण कळून उपयोग झाला नाही. हाताला समजावता येत नाही.

रेकॉर्डिंगला जागा निवडली ती वजनकाट्याची केबिन. एरवी तिथं उसाच्या गाड्यांनी कान फुटायचे. त्या वर्षी पाखराचा आवाजही लांबून यायचा. खिडक्यांना गोधड्या लावल्या, कीबोर्डवाल्यानं लॅपटॉप आणि माइक मांडला. वहिनी आणि ढोलकीवाला सामान टोळीच्या ट्रकमध्ये टाकून आले होते. ट्रक फाटकाबाहेर माणसं गोळा करत उभा होता.

पहिल्यांदा वाजवलं, दुसऱ्या ओळीलाच वरची तार घुमली. पुन्हा. मग बोट घसरलं, खरवड आली. पुन्हा. मग तारा गप्प राहिल्या, पण मी ढोलकीच्या मागं पडलो. दर वेळी वहिनी पहिल्यापासून गायची आणि तिचा आवाज चढाला थोडा थोडा चिरायला लागला होता. फाटकाबाहेर मुकादमानं हॉर्न दिला.

"अजून एकदा," मी म्हणालो.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुमी थांबा. मी आन् ढोलकी, बास."

"वहिनी, आता जमतंय..."

"जमतंय हो. पर माझा गळा चाललाय." ती रागावून बोलली नाही. घरातलं आवरून निघणारं माणूस बोलतं तसं बोलली.

ढोलकीवाला माझ्याकडे न बघता ढोलकीची दोरी ओढत होता. कीबोर्डवाल्यानं माझी वायर काढली. मी गिटार बाहेर न्यायला उठणार, तोवर तिनं सूर लावला. केबिन एवढीशी. तिचा आवाज चढला तशा माझ्या मांडीवरच्या तारा वाजवल्याशिवायच थरथरू लागल्या. बारीक, पण माइक हाताच्या अंतरावर. मी दोन्ही तळवे तारांवर पालथे ठेवले आणि तसाच बसलो. कडव्यागणिक तारा तळहाताखाली उठू बघायच्या आणि मी त्यांना उठू देत नव्हतो. मान अवघडली, पाठीला घाम आला. ढोलकी थांबली, वहिनीचा शेवटचा सूर गोधड्यांत विरून गेला, तरी मी हात काढले नाहीत.

तिनं हेडफोन लावून पहिलं कडवं ऐकलं. डोळे मिटून, मान खाली घालून. मी तिच्या चेहऱ्यावर घुमणं शोधत होतो.

"न्हाई काय त्यात," ती म्हणाली. "साफ हाय. धाडून द्या." आणि पदर खोचून निघाली. ढोलकीवाल्यानं ढोलकी माझ्याजवळ ठेवली, टोळीत कुठं सांभाळू म्हणाला.

ट्रक गेल्यावर कीबोर्डवाला म्हणाला, "आज लई भारी वाजवलंस बे. एक सूर चुकला न्हाई."

मला हसता आलं नाही. गोधड्या काढायच्या होत्या, त्या मी काढायला लागलो.